बाळ कसं तपासायचं, वाढ कशी मोजायची: कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिस्टरांसाठी

नवजात बाळाच्या कामात आपण कमी पडतो ते बहुतेक वेळा मोजण्यात. श्वास पंधरा सेकंद मोजून चारनं गुणला जातो, वजन दुपट्यासकट होतं, थर्मामीटर काखेत नीट धरलेलाच नसतो, आणि केसपेपरवर मात्र आकडा उठून दिसतो. दुसरी अडचण याहून मोठी आहे. आधीचा आकडा हाताशी नसतो. तिसऱ्या दिवशीचं २६४० ग्रॅम वजन बरं की वाईट, हे जन्माचं वजन समोर असल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून इथं प्रत्येक तपासणीसोबत आकडा कसा घ्यायचा आणि तो कशाशी ताडून पाहायचा, हे दोन्ही दिलं आहे. शहरातलं प्रसूतिगृह असो की गगनबावड्याकडचं उपकेंद्र, पद्धत तीच.

प्रसूतीआधी आणि पहिल्या मिनिटात

प्रसूतीच्या खोलीचं तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवा. पंखा बंद, वाऱ्याचा झोत बंद. रेडियंट वॉर्मर २० मिनिटं आधी चालू करा. दोन कोरडी, ऊबदार दुपटी, टोपडं, नाळेचा क्लॅम्प, निर्जंतुक ब्लेड, म्यूकस एक्स्ट्रॅक्टर, बॅग आणि दोन मापांचे मास्क, सेकंदकाटा असलेलं घड्याळ: एवढं हाताच्या अंतरावर हवं. बॅग प्रत्येक प्रसूतीआधी मास्क तळहातावर दाबून तपासा. गळकी बॅग ऐनवेळी लक्षात आली तर उपयोग नाही.

राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा या पट्ट्यात पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. नातेवाइकांनी ‘कोरडं’ म्हणून दिलेलं दुपटं हाताला दमट लागतं, आणि दमट कापड बाळाची ऊब ओढून घेतं. या महिन्यांत दवाखान्याची चार-पाच दुपटी इस्त्री करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवलेली बरी.

बाळ बाहेर आलं की वेळ मोठ्यानं सांगा, बाळ आईच्या पोटावर घ्या आणि पुसायला लागा. आधी डोकं, मग पाठ, हात-पाय. ओलं कापड लगेच बाजूला टाका. पुसता पुसताच पाहायचं: रडतंय का, नीट श्वास घेतंय का? घेत असेल तर दुसऱ्या कोरड्या दुपट्यात, आईच्या छातीवर, उघड्या अंगाला उघडं अंग लावून ठेवा आणि नाळ एक ते तीन मिनिटांनी बांधा. घाई नको. त्या मिनिटांत बाळाला मिळणारं रक्त पुढच्या कित्येक महिन्यांचा लोहाचा साठा असतो.

श्वास नसेल तर नाळ लगेच बांधून कापा, बाळ वॉर्मरवर घ्या, मान किंचित मागं करा. स्राव दिसत असेल तरच तो ओढा, आधी तोंडातला, मग नाकातला. नाकात नळी गेली की बाळ दचकून श्वास ओढतं आणि तोंडात काही साचलेलं असेल तर ते खाली उतरतं, म्हणून हा क्रम. पाठ चोळा. तरीही श्वास नाही, तर पहिलं मिनिट संपायच्या आत बॅग-मास्क सुरू करा, साध्या हवेवर, मिनिटाला ४० ते ६० वेळा. छाती उचलली जात नसेल तर मास्क घट्ट बसलाय का पाहा, मान पुन्हा नीट करा, तोंड पुन्हा साफ करा. बाळ उलटं धरणं, ढुंगणावर चापट्या, तोंडावर गार पाणी हे प्रकार कुठं अजून होत असतील तर आजच बंद करा.

ॲपगार गुण पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला द्यायचे असतात. रंग, हृदयाचे ठोके, उत्तेजनाला प्रतिसाद, स्नायूंचा ताण आणि श्वास, प्रत्येकाला ० ते २. डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि ती बाळाची त्या घडीची अवस्था नोंदवण्यासाठी आहे. बॅग-मास्क द्यायचा की नाही हे ठरवायला पहिल्या मिनिटाच्या गुणांची वाट पाहायची नाही. पाचव्या मिनिटाला ७ पेक्षा कमी गुण असतील तर दर पाच मिनिटांनी, विसाव्या मिनिटापर्यंत पुन्हा द्या. प्रसूती आटोपल्यावर आठवून सरसकट ‘८/९’ लिहिणं हा बाळावर अन्याय आहे. पुढं मूल उशिरा बसू लागलं तर डॉक्टर हीच नोंद शोधतात.

पहिल्या तासात

स्तनपान पहिल्या तासात सुरू करा. चीक थोडाच असतो, पण पहिल्या दिवशी बाळाचं पोटही तेवढंच. वजन, इंजेक्शन, कपडे हे सगळं पहिल्या पाजण्यानंतर. व्हिटॅमिन के स्नायूत, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात: १००० ग्रॅम व त्याहून जास्त वजनाला १ मि.ग्रॅ., त्याखाली ०.५ मि.ग्रॅ. ॲम्प्यूल कोणतं आहे ते वाचून मगच मि.लि. ठरवा. १ मि.लि. मध्ये १ मि.ग्रॅ. आणि १ मि.लि. मध्ये १० मि.ग्रॅ. अशी दोन्ही बाजारात असतात आणि दहापट चूक तिथंच होते. हिपॅटायटिस बी ०.५ मि.लि. २४ तासांच्या आत, पोलिओचे दोन थेंब, आणि बीसीजी डाव्या दंडावर त्वचेत ०.०५ मि.लि. पहिली अंघोळ किमान २४ तास पुढं ढकला. कमी वजनाच्या बाळाला त्याहून उशिरा.

तपासणीचा क्रम

सविस्तर तपासणी बाळ स्थिर झाल्यावर, २४ तासांच्या आत एकदा आणि घरी सोडताना पुन्हा. बाळ पूर्ण उघडं करायचं, पण वॉर्मरखाली किंवा ऊबदार खोलीत. हात धुऊन चोळून गरम करा, स्टेथोस्कोपही तळहातात धरून गरम करा. पाजल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासानं बाळ शांत असतं, ती वेळ पकडा. आई शेजारी हवी.

आधी हात न लावता पाहा. मग ऐका. मग चाचपा. रडवणाऱ्या गोष्टी, म्हणजे खुबे, तोंडातला टाळा आणि मोरो (दचकण्याचा) प्रतिक्षेप, सगळ्यात शेवटी. बाळ एकदा रडायला लागलं की श्वास आणि ठोके यांचा भरवसा राहत नाही.

श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा, पोटाकडं पाहून. नवजात बाळ पाच-दहा सेकंद थांबतं आणि मग भराभर श्वास घेतं. म्हणून पंधरा सेकंदांचा गुणाकार इथं फसतो. ३० ते ५९ ठीक. ६० किंवा जास्त आला तर थोडं थांबून पुन्हा पूर्ण मिनिट मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तरच तो ‘जलद श्वास’. २० सेकंदांपेक्षा जास्त थांबणं, किंवा थांबल्यावर निळं पडणं, हे नेहमीच धोक्याचं. छाती आत ओढली जाणं, नाकपुड्या फुलणं, श्वास सोडताना कण्हणं हे श्वासाच्या आकड्याशिवायही पुरेसं आहे. हृदयाचे ठोके ११० ते १६०, तेही पूर्ण मिनिट. गाढ झोपेत शंभराच्या थोडं खाली जाऊ शकतात, जागं केल्यावर वर यायला हवेत.

तापमान काखेत घ्या. थर्मामीटरचं टोक काखेच्या मधोमध, बाळाचा दंड अंगाशी दाबून. ३६.५ ते ३७.४ योग्य. ३६.० ते ३६.४ हा गारठ्याचा ताण, ३२.० ते ३५.९ मध्यम आणि ३२ च्या खाली तीव्र हायपोथर्मिया. थर्मामीटर नसेल तेव्हा हाताची मागची बाजू आधी पोटाला, मग तळपायाला लावा. दोन्ही गरम: ठीक. पोट गरम, पाय गार: गारठ्याचा ताण. दोन्ही गार: तातडी. पाय गार लागले की लगेच बाळ आईच्या उघड्या छातीशी, वरून शाल, डोक्याला टोपडं, आणि अर्ध्या-एक तासानं पुन्हा तापमान. वीज गेली तरी हा उपाय चालू राहतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू देऊ नका, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ऊसतोडीच्या हंगामात फडाजवळच्या खोपीत जन्मलेलं किंवा तिथं परत जाणारं बाळ असेल तर ही छातीशी धरण्याची कांगारू पद्धत आईला आणि घरातल्या दुसऱ्या एका बाईला दवाखान्यातच करून दाखवा. २५०० ग्रॅमच्या खालच्या प्रत्येक स्थिर बाळाला ती द्यायचीच आहे.

डोक्यापासून पायापर्यंत

पुढची टाळू चौकटीसारखी, साधारण दोन-तीन सें.मी., बाळ शांत आणि उभं धरलेलं असताना चाचपा. रडताना ती फुगलेली लागणारच. मागची त्रिकोणी, बोटाच्या टोकाएवढी. डोक्यावरची सूज हाडांच्या सांध्यांवरून पलीकडं पसरलेली असेल तर ती कॅपट, दोन-तीन दिवसांत जाते. एका हाडापुरती थांबलेली असेल तर सेफलहिमॅटोमा. तो उतरायला काही आठवडे लागतात आणि त्यातलं रक्त विरघळताना कावीळ वाढते, म्हणून त्या बाळाला तिसऱ्या ते पाचव्या दिवशी नक्की पाहा. दोन्ही प्रकारांत शेकायचं नाही, चोळायचं नाही, सुई घालायची नाही.

डोळ्यांत ऑफ्थाल्मोस्कोपनं लाल चमक दिसते का पाहा. पांढरी दिसली तर तातडीनं नेत्रतज्ज्ञाकडं. तोंडात हातमोज्यातलं बोट फिरवा, पण बॅटरी मारून टाळा डोळ्यांनीही पाहा, कारण मागचा मऊ टाळा फाटलेला असेल तर बोटाला चुकतो. टाळ्यावरचे पांढरे मणी नेहमीचे. तोंडातून सतत फेस येत असेल तर पाजू नका. तोंडावाटे नळी घालून पाहा, ती साधारण १० सें.मी.वर अडली तर अन्ननलिका बंद असण्याची शक्यता आहे. गळपट्टीचं हाड दोन्ही बाजूंनी चाचपा, विशेषतः बाळ मोठं असेल किंवा खांदा अडला असेल तर.

पोट खपाटीला गेलेलं आणि श्वासाला त्रास, असं एकत्र दिसलं तर डायफ्रॅमॅटिक हर्नियाचा (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला भोक) विचार करा. अशा बाळाला बॅग-मास्कनं हवा दिली तर ती छातीत चढलेल्या आतड्यात भरते. तातडीनं वरच्या केंद्राशी बोला. हिरवी उलटी झाली तर आतडं अडलं आहे असंच धरून पाठवा. नाळेत दोन धमन्या आणि एक नीला मोजा. गुदद्वार डोळ्यांनी पाहा. ‘शी झाली’ एवढ्यावर विसंबू नका, कारण मुलींमध्ये ती दुसऱ्या वाटेनंही येते. पहिली लघवी आणि पहिली काळी-हिरवी शी यांची वेळ लिहा. २४ तासांत शी नाही झाली तर डॉक्टरांना कळवा, लघवीला ४८ तासांची मर्यादा.

मुलाच्या वृषणगोट्या पिशवीत उतरल्यात का ते ऊबदार हातानं पाहा. न उतरलेल्या सहा महिन्यांपर्यंत उतरू शकतात, त्यानंतर शल्यचिकित्सकाकडं. लघवीचं छिद्र टोकाऐवजी खाली असेल तर सुंता पुढं ढकलायला सांगा, ती कातडी दुरुस्तीला लागते. जननेंद्रियांवरून खात्री पटत नसेल तर मुलगा की मुलगी हे जाहीर करू नका. ‘डॉक्टर पाहून सांगतील’ एवढंच म्हणा. एकदा सांगितलेलं बदलताना त्या कुटुंबाचे फार हाल होतात.

पाठीच्या कण्यावर बोट फिरवा. केसांचा झुपका, खोल खळगा, गाठ असेल तर नोंद. कमरेवरचे निळसर डाग आपल्याकडं सर्रास असतात. तेही आकारासह लिहून ठेवा, नाहीतर पुढं कुणीतरी ते मुका मार समजतं. पाऊल आत वळलेलं असेल तर हलक्या हातानं सरळ करून पाहा. सहज सरळ झालं तर गर्भातल्या स्थितीमुळं, ताठ राहिलं तर क्लबफूट, आणि त्याचं प्लास्टर पहिल्या काही आठवड्यांतच सुरू व्हावं. खुबा निखळतो का हे पाहायला बार्लो आणि ऑर्टोलानी चाचण्या, एका वेळी एकच खुबा, जोर न लावता. पायाळू जन्मलेली मुलगी असेल तर हे कधीच टाळू नका.

प्रतिक्षेपांत चोखणं, स्तनाकडं तोंड वळवणं, मूठ आवळणं आणि मोरो पाहा. मोरोसाठी बाळाला आपटायचं नाही. डोकं तळहातावर थोडं उचलून, हात तसाच खाली ठेवून दोन-तीन सें.मी. झटकन खाली न्यायचं. एकच हात उघडला तर दुसऱ्या बाजूची नस किंवा गळपट्टीचं हाड तपासा. मोरो सहा महिन्यांनंतरही टिकला तर मेंदूविकाराची शंका घ्यायला हवी.

२४ तासांनंतर पल्स ऑक्सिमीटर उजव्या हाताला आणि कोणत्याही एका पायाला लावा. एका ठिकाणी तरी ९५ किंवा जास्त आणि दोन्हींतला फरक ३ पेक्षा जास्त नाही, तर उत्तीर्ण. कुठंही ९० च्या खाली आलं तर लगेच डॉक्टरांना कळवा. मधलं काही आलं तर तासाभरानं पुन्हा. स्टेथोस्कोपला आवाज न येणारे जन्मजात हृदयदोष यात सापडतात आणि खर्च शून्य आहे.

वजन, लांबी, डोक्याचा घेर

काटा सपाट, घट्ट जागेवर. वर पातळ कापड, मग शून्य, मग उघडं बाळ. नवजात बाळासाठी ५ किंवा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटाच हवा. टांगायच्या सॉल्टर काट्यावर १०० ग्रॅमचे भाग असतात. दिवसाला २५-३० ग्रॅमची वाढ त्यावर तीन दिवसांनीही दिसत नाही. काटा आठवड्यातून एकदा माहीत असलेल्या वजनानं पडताळा आणि एका बाळाचं वजन शक्यतो त्याच काट्यावर करा.

जन्मतः २५०० ग्रॅमच्या खाली कमी वजन, १५०० च्या खाली अतिकमी. कमी वजनाची, मधुमेही आईची आणि आजारी बाळं यांची रक्तातली साखर तपासा. डेसिलिटरला ४५ मि.ग्रॅ. च्या खाली उपचार लागतात.

पहिल्या दिवसांत वजन उतरतं आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. २९०० ग्रॅमचं बाळ तिसऱ्या दिवशी २६४० झालं, म्हणजे २६० ग्रॅम, सुमारे ९ टक्के घट. ७ टक्क्यांच्या पुढं गेलं की पावडरच्या दुधाचा डबा सुचवायचा नाही. आईजवळ बसून एक पूर्ण पाजणं पाहायचं. तोंड मोठं उघडं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळ्या भागाचा वरचा हिस्सा खालच्यापेक्षा जास्त दिसतो, आणि गिळल्याचा आवाज. हे नसेल तर पकड सोडवून पुन्हा लावा. १० टक्क्यांच्या पुढं डॉक्टरांनी पाहायलाच हवं.

डोक्याचा घेर न ताणणाऱ्या पट्टीनं, भुवयांच्या वर आणि डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून. तीनदा मोजा, सर्वांत मोठा लिहा. ३३ ते ३७ सें.मी. नेहमीचा. जन्मताना डोकं दबलेलं असतं, म्हणून ४८ तासांनी पुन्हा. लांबी इन्फँटोमीटरवर, दोघींनी मिळून: एक डोकं फळीला टेकवून धरते, दुसरी गुडघे सरळ करून पायफळी आणते. गादीवर ठेवून टेपनं मोजलं की सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची चूक ठरलेली.

कावीळ आणि धोक्याची लक्षणं

कावीळ दिवसाच्या उजेडात पाहा. कपाळ, छाती, पोट, मांडी, तळवा असं वरून खाली बोटानं दाबत जा, कारण ती याच क्रमानं उतरते. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ कधीच ‘साधी’ नसते. तळहात-तळपाय पिवळे झाले तर त्याच दिवशी रक्तातलं बिलिरुबिन (कावीळ किती आहे ते) तपासा. कोवळ्या उन्हात धरण्यानं ही कावीळ उतरत नाही, उलट बाळ गारठतं आणि दोन मोलाचे दिवस जातात. १४ दिवसांनंतरही पिवळेपणा असेल तर शीचा रंग स्वतः पाहा. पांढरट, चुन्यासारखी शी आणि गडद लघवी म्हणजे पित्तनलिकेचा आजार असू शकतो. त्याची शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत व्हावी लागते.

दूध ओढत नाही, झटके, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती जोरात आत ओढली जाणं, ३७.५ किंवा जास्त ताप, ३५.५ च्या खाली तापमान, डिवचल्याशिवाय हालचाल नाही: यातलं एक लक्षण असलं तरी बाळ पाठवायचं. घरची माणसं हे आपल्या शब्दांत सांगतात: ‘पोरगं गप पडून हाय’, ‘अंग टाकलंय’, ‘पोट उडतंय’. हे ऐकलं की बाळ उघडं करून पाहा, फोनवर सल्ला देऊन थांबू नका.

१०८ येईपर्यंत बाळ आईच्या छातीशी ठेवा, ओढत असेल तर पाजा, आणि सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळच्या एसएनसीयूला (आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष) आधी फोन करून वजन, वय, लक्षण, दिलेलं औषध आणि त्याची वेळ सांगा. पंचगंगेला पूर आला की वाट बंद होते. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोली इथं महामार्गही बंद झाला होता. शिरोळ, करवीर, हातकणंगल्यातल्या नदीकाठच्या गावांतल्या जोखमीच्या गरोदर बायांची आणि कमी वजनाच्या बाळांची यादी पाणी चढण्याआधीच करा आणि त्यांना अलीकडं आणा.

दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळाकडं आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. सोडतानाचं वजन, कावीळ कुठवर आहे आणि पाजण्याची अडचण तिला कार्डावर लिहून द्या. तोंडी निरोप वाटेत हरवतो.

घरातल्या आज्जींशी बोलताना

बाळाला न्हाऊ-माखू घालणारी आज्जीच असते, म्हणून सूचना आईला एकटीला देऊन भागत नाही. सगळंच मोडीत काढलं तर पुढचं कुणी ऐकत नाही, आणि मालीश खरोखरच चांगली आहे. ‘आज्जी, तेल अंगाला चोळा, पण नाकात-कानात एक थेंबसुद्धा नको.’ टाळूला तेल लावलं तरी चालेल, थापायचं-दाबायचं नाही. नाकात गेलेलं तेल फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया करतं. वेखंड-ओव्याची धुरी, डोळ्यांत काजळ, नाळेवर हळद किंवा राख, मध, गूळपाणी हे नको. तीट गालावर किंवा पायाला लावा म्हणावं. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी ही सहाण, पाणी आणि बोटावरचे जंतू घेऊन पोटात जाते, म्हणून सहा महिने फक्त आईचं दूध. डॉक्टरांनी दिलेले व्हिटॅमिन डीचे थेंब, रोज ४०० युनिट, तेवढा अपवाद.

पहिल्या आठवड्यात मुलाच्या किंवा मुलीच्या छातीला गाठ येते, दूधही येतं. आईच्या संप्रेरकांमुळं हे होतं. पिळलं की गळू होतो. मुलीला तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान थोडं रक्त जाणंही त्याच कारणानं. हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे घाबरगुंडी उडत नाही.

वाढीचा आलेख

पहिले तीन महिने दिवसाला २५ ते ३० ग्रॅम. म्हणजे २८०० ग्रॅमचं बाळ चौदाव्या दिवशी २८०० वर परतलं असेल, तर सहाव्या आठवड्याच्या लसीला साधारण ३५०० ते ३६०० भरायला हवं. लसीच्या रांगेत हा हिशोब अर्ध्या मिनिटाचा आहे. पाचव्या महिन्यापर्यंत वजन दुप्पट, वर्षाला तिप्पट, दोन वर्षांना चौपट. लांबी ५० सें.मी. वरून वर्षाला ७५. डोक्याचा घेर पहिले तीन महिने महिन्याला २ सें.मी., पुढचे तीन महिने १, नंतरचे सहा महिने अर्धा. महिन्यात याहून खूप जास्त वाढला तर मेंदूत पाणी साचण्याची, वाढ थांबली तर मेंदू न वाढण्याची शंका घ्या. पुढची टाळू ९ ते १८ महिन्यांत भरते.

माता-बाल संरक्षण कार्डावर मुलाचा आणि मुलीचा आलेख वेगळा असतो. चुकीच्या पानावर ठिपका पडणं ही नेहमीची चूक. ठिपका हिरव्या पट्ट्यात आहे म्हणून समाधान मानू नका. तीन ठिपके जोडून रेघ पाहा. हिरव्यातच आडवी झालेली रेघ पिवळ्यात असून वर चढणाऱ्या रेघेपेक्षा जास्त काळजीची. दोन वर्षांपर्यंत झोपवून लांबी, त्यानंतर उभी उंची. दोन्हींत सुमारे ०.७ सें.मी. चा फरक असतो, म्हणून कोणती घेतली ते लिहा.

रेघ आडवी होते ती बहुधा सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान. उष्टावण होतं, पण पुढं वरणाचं पाणी आणि पातळ पेज चालू राहते. अन्न चमच्यातून ओघळणार नाही इतकं घट्ट हवं: मऊ भात-वरण कुस्करून, नाचणीची खीर, वर एक चमचा तेल किंवा तूप. सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन चमच्यांपासून वाढवत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी तीन-चार वेळा. वाटी २५० मि.लि.ची, ती आईला हातात देऊन दाखवा. आपल्या जिल्ह्यात घरोघरी म्हैस आहे आणि दूध म्हणजे ताकद हा पक्का समज. वर्षाच्या आतल्या बाळाला म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून दिलं, की पोट भरतं, जेवण सुटतं आणि लोह मिळत नाही. मूल गुटगुटीत पण फिकट दिसतं. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू राहू द्या. लोहाचं सिरप सहाव्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा १ मि.लि., त्यात २० मि.ग्रॅ. लोह असतं.

६ ते ५९ महिन्यांत डाव्या दंडाच्या मध्यावर घेर घ्या. ११.५ सें.मी. च्या खाली सॅम (तीव्र कुपोषण), ११.५ ते १२.५ मॅम (मध्यम कुपोषण). दोन्ही पावलांवर अंगठे तीन सेकंद दाबून खळगा राहिला तर दंडाचा घेर कितीही असो, ते मूल सॅम. सुजेमुळं अशा मुलाचं वजन फसवं भरतं.

विकास पाहताना

आईला ‘सगळं बरं आहे ना?’ विचारलं की ‘हो’ येतं. त्यापेक्षा बाळ चटईवर ठेवा आणि पाहा. दोन महिन्यांना चेहरा पाहून हसतं. चार महिन्यांपर्यंत मान धरते. पाच-सहाला पालथं पडतं, आठला आधाराशिवाय बसतं, नऊला धरून उभं राहतं आणि चिमटीनं चुरमुरा उचलू लागतं (पाहून झालं की तो काढून घ्या). वर्षाला एक-दोन अर्थाचे शब्द, दोन वर्षांना दोन शब्दांचं वाक्य. एकट्यानं चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दिसलं. त्यातली सुमारे ४ टक्के मुलं गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. न रांगणं एकटं आजार नव्हे. चाकांचा वॉकर मात्र घेऊ नका म्हणावं: त्यानं चालणं लवकर येत नाही आणि पायऱ्यांवरून पडण्याचा धोका असतो.

नऊ महिन्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत सुधारून धरा. ३२ आठवड्यांचं बाळ सहा महिन्यांचं झालं तरी विकासाच्या दृष्टीनं ते चार महिन्यांचं. ३४ आठवड्यांच्या आधीच्या किंवा २००० ग्रॅमच्या खालच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. ही तारीख सोडण्याच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. ऐकण्याची चाचणी महिन्याच्या आत, ऐकू येत नसल्याचं निदान तीन महिन्यांत, श्रवणयंत्र सहा महिन्यांत. टाळ्या वाजवून ‘ऐकतंय’ असं ठरवू नका, बाळ हालचाल आणि हवेची झुळूकही टिपतं.

तीन महिन्यांना हसत नाही, पाच महिन्यांना मान लटकते, दहाला बसत नाही, वर्षाला ‘बाबा-दादा’ असा आवाज नाही, अठरा महिन्यांना चालत नाही किंवा शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही, वर्षाच्या आत एकच हात वापरतं, किंवा आलेलं काही विसरलं, यात ‘बापही उशिरा बोलला होता’ हे उत्तर घेऊ नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडं आणि तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवा. चिठ्ठीत ‘विकास मंद’ एवढंच नको. नेमकं काय येत नाही, काय येतं, सुधारलेलं वय, डोक्याचा घेर आधीचा आणि आजचा, पाचव्या मिनिटाचे ॲपगार गुण, कावीळ किंवा झटके आले होते का, आणि ऐकण्याची चाचणी झाली का, हे लिहा. कार्डाच्या आलेखाच्या पानाची प्रत जोडा आणि मूल तिथं पोचलं का, हे आठवड्यानं फोन करून विचारा.